माणशी कचरा

"आई, तुझ्याकडे कोण राहायला आलंय?"

तन्मयने हे इतक्या सहज विचारलं की क्षणभर मला वाटलं, तो उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या पाहुण्यांबद्दलच विचारतोय. सकाळचे साडेनऊ झाले होते. फोन स्पीकरवर टाकून मी कैरी किसत होते. सिंकपाशी केतकी उभी होती. केतकी म्हणजे माझी सून, तन्मयची बायको. तिच्या हातात नुकताच विसळलेला कप होता. तो तिने खाली ठेवला नाही. ठेवला असता तर आवाज झाला असता.

"माझ्याकडे कोण येणार रे?" मी म्हटलं.

"अ‍ॅपवर दाखवतंय. घर क्रमांक तीनशे चार, अंदाजे रहिवासी एक पूर्णांक सहा." तो हसला. "हा पॉइंट सहा माणूस कुठून आणलास?"

"लोहकरे वहिनी येऊन बसतात दिवसभर. चहा, नाश्ता, गप्पा. त्या बाईला तू ओळखतोस."

"ओळखतो की. पण त्या असत्या तर पॉइंट सहा नाही, अडीच दाखवलं असतं." पुन्हा हसला. माझा मुलगा फार गोड हसतो, लहानपणापासून. "मी सविस्तर अहवाल मागितलाय आई. तू एकटी असतेस, कोणी भलतंच घुसलं असेल तर? चार दिवस सलग तोच ठसा मिळाला की नोंद पक्की करतात. मग दुसऱ्या शहरांतल्या मशीनशीही ताडून बघतात म्हणे. आज दुसरा दिवस आहे. परवा कळेलच."

"बरं."

"केतकीचा काही फोन?"

"नाही रे."

"आला तर सांग. आणि जेवत जा नीट."

फोन बंद झाला. केतकीने कप ओट्यावर ठेवला, अलगद, अजूनही आवाज न करता. "आई, मी आजच निघते," ती म्हणाली. जायला तिला जागा नव्हती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पुढचं सांगण्याआधी आमच्या चोंबडीबद्दल सांगायला हवं. कंपनीच्या कागदांवर तिचं नाव चांगलं दीड ओळीचं आहे. पण आमच्या नाशिकच्या 'अनुबंध' सोसायटीत ती आली आणि आठवड्याभरात तिला चोंबडी हे नाव पडलं, कारण ती दुसऱ्याच्या घरात नाक खुपसते. तिला आणली मीच.

मी सोसायटीची सेक्रेटरी, चौदा वर्षं. ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात, हे सांगता सांगता माझे केस पांढरे झाले. पत्रकं लावली, ती लोकांनी पोळ्यांच्या डब्याखाली घातली. मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलीच्या घरून दुसऱ्याच दिवशी डायपर आणि वरणभात एकाच पिशवीतून आले. दंड लावला, तर लोकांनी दंड भरला आणि वर ऐकवलं की भरतोय ना, मग आता बोलायचं नाही. डबे फाटकापाशी होते ते जिन्याशी आणले, तेव्हा जरा फरक पडला. माणूस वाईट नसतो, चार पावलं जास्त चालायला त्याला नको असतं, एवढं मला तेव्हा कळलं.

मग चोंबडी आली. तळमजल्यावर, लिफ्टच्या समोर. तिच्या दोन तोंडांपैकी योग्य त्या तोंडात पिशवी टाकायची. आत एक प्रकाशझोत प्लास्टिकची जात ओळखतो, एक कृत्रिम नाक वासावरून ओलं-सुकं पारखतं आणि निकाल बाहेरच्या फळ्यावर लागतो. चव्वेचाळीस घरांचे चव्वेचाळीस चौकोन: हिरवे, पिवळे, लाल. येणारा-जाणारा, पाहुणा, कुरिअरवाला, सगळे बघतात. बस, एवढंच. जे चौदा वर्षांत झालं नाही ते तीन आठवड्यांत झालं. आमचे चेअरमन दुसाने, ज्यांनी जन्मात कधी खरकटं ताट उचललं नव्हतं, ते दुधाच्या पिशव्या धुऊन चिमट्याने दोरीवर वाळत घालू लागले. पिशवीचा कोपरा कापून वेगळा करायचा नाही, लटकता ठेवायचा, नाहीतर तो इवला तुकडा मातीत जातो, हे ते आता मलाच समजावून सांगतात. कायद्याला न भिणारी माणसं शेजाऱ्याला भितात. मला तर आनंदाचं भरतं आलं होतं.

तेवढ्यात मोठी कुटुंबं कुरकुरू लागली. सहा माणसांच्या घराचा कचरा एकटीच्या घराशी कसा तोलणार? बरोबरच होतं त्यांचं. सभेत मीच उठून म्हणाले, "माणशी कचरा मोजा. घरात माणसं किती ते यंत्रालाच ओळखू दे, म्हणजे कोणी खोटं सांगणार नाही." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला हल्ली झोपेत ऐकू येतात.

यंत्राला माणसं ओळखता येतात हे मला माहीत होतं, म्हणून तर मी बोलले. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, काचेच्या बशीत जिवाणूंच्या वसाहती मोजत. आपल्या कातडीवर जिवाणूंची अख्खी गावं नांदत असतात. प्रत्येकाच्या अंगावरचं मिश्रण वेगळं असतं, तोच त्याचा ठसा, आणि ते आपण सतत झाडत असतो: दाराच्या कडीवर, उशीवर, पिशवीच्या गाठीवर. माणूस नव्या घरात राहायला आला की एक-दोन दिवसांत ते घर त्याचं होऊन जातं. तो कशालाही हात न लावता बसून राहिला तरी होतं. चोंबडी पिशवीवरून असे जिवाणू टिपते, त्यांच्या जनुकांचे धागे सुईच्या टोकाहून बारीक छिद्रांतून ओढते आणि ओढता ओढता वाचते. चार मिनिटांत तिला कळतं की ही पिशवी कोणाच्या घरची आणि त्या घरात किती जण राहतात.

हे सगळं घरच्या माणसांना फोनवर दिसतं. दिवाळीत तन्मय आला होता तेव्हा त्याने कौतुकाने पिशवी खाली नेली. चोंबडीच्या पडद्यावर प्रश्न आला: ही व्यक्ती घर क्रमांक तीनशे चारमधली आहे का? हो, नाही. मी 'हो' दाबलं आणि माझं घर त्याच्या फोनवर गेलं. कंपनीचा माणूस तेव्हा म्हणाला होता, "तीन महिने ठसा दिसला नाही, तर यंत्र परत विचारेल मॅडम. आणि 'नाही' दाबलंत, तर त्या फोनवरून घर निघून जाईल. मालक तुम्ही." मला वाटलं, कशाला कोण 'नाही' दाबेल?

केतकी आली ती सोमवारी दुपारी. हातात एक पाठीवरची पिशवी, बाकी काही नाही. मी दार उघडलं आणि विचारलं, "तन्मय गाडी लावतोय का?" तिने मान हलवली आणि कुडत्याची बाही वर केली.

मनगटावर चार बोटांचे वळ होते, जुन्या वळांवर नवे. दिवाळीत मी तिथे काहीतरी बघितलं होतं. "दारात सापडला हात," ती म्हणाली होती. आणि मी, जिने आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून बघितलं, मी "अगं जपून" म्हणून तिला करंजी वाढली होती.

"दोनदा माहेरी गेले," ती सांगत होती. "दोन्ही वेळा बाबांनीच परत आणून सोडलं. एकदा पोलिसांत गेले. तिथे तो इतकं छान बोलला की साहेबांनी आम्हा दोघांना चहा पाजला. मला नोकरी मिळालीये आई, लांब. राहायची सोय आहे. पण एकोणीस दिवसांनी. तोवर तो सगळीकडे शोधेल. मैत्रिणींकडे, मावशीकडे. फक्त तुमच्याकडे नाही शोधणार."

मग ती जे बोलली ते मला विसरता येत नाही. "मारलं ना, की दुसऱ्या दिवशी तो फार चांगला वागतो. चहा करतो. कचरा वेगळा करतो, स्वतः खाली नेऊन टाकतो. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर आमचं घर कायम पहिलं असतं."

मला तो फळा माहीत होता. तन्मय त्याचे फोटो पाठवायचा आणि मी ते अख्ख्या सोसायटीला दाखवायचे. माझा मुलगा बघा, म्हणायचे, घरातला कचरा स्वतः काढतो.

तिला ठेवून घ्यायचं हे मी दारातच ठरवलं होतं. पण चोंबडीचा विचार माझ्या डोक्यात आला तो मंगळवारी सकाळी, पिशवीला गाठ मारताना. हात थांबला. केतकीचा केस, तिने पुसलेला कागद, तिने सोललेली मोसंबी. मी पिशवी उचलून ठेवली. मंगळवार-बुधवार आमचा कचरा मी जेवणाच्या डब्यात भरून, वर रुमाल बांधून, दोन चौक पलीकडे नेऊन टाकला. चौदा वर्षं कचऱ्याची प्रवचनं देणारी बाई चोरासारखी परक्या कोंडाळ्यात साली ओतत होती. बघणाऱ्याने बघितलं असतं तर काय म्हटलं असतं!

बुधवारी रात्री तन्मयचा काळजीने फोन आला. "आई, बरी आहेस ना? दोन दिवस कचराच आला नाही म्हणून अ‍ॅपने सूचना पाठवली. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी जेवणं सोडलं तर असं होतं म्हणे. मी येऊ का?"

म्हणजे टाकला तरी पंचाईत, न टाकला तरी पंचाईत. गुरुवारी मी पिशवी खाली नेली, आणि शुक्रवारी एक पूर्णांक सहा आलं.

फोन ठेवल्यावर मी सोसायटीच्या तक्रारवह्यांचं बाड काढलं. का काढलं ते सांगता येणार नाही. काळजी लागली की काही बायका देवासमोर बसतात, मी वह्या चाळते. आणि जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात तक्रार दिसली: "घर क्र. ३०३, सौ. लोहकरे. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर सात घरांच्या पिशव्या यांच्या नावावर जमा. चौकोन लाल. तक्रारदार अत्यंत संतप्त."

संतप्त म्हणजे काय, त्यांनी चोंबडीला चपलेने मारायचंच बाकी ठेवलं होतं. झालं असं की त्यांच्या हळदीकुंकवात तिळगूळ या हातातून त्या हातात गेला, वाणाचे डबे घरोघरी गेले आणि सगळ्या बायकांच्या हाताचे ठसे एकमेकींत मिसळले. यंत्र गोंधळलं. मग कंपनीचा माणूस आला आणि त्याने एक नियम घातला. घरकाम करणाऱ्या बायका पाच-सहा घरी जातात, दूधवाला सगळीकडे जातो, अशा माणसांना रहिवाशांत धरायचं नाही. एकच ठसा पाचाहून जास्त घरांत मिळाला, तर तो 'फिरता'. फिरत्याची मोजणी नाही, नोंद नाही, अहवालही नाही.

मी वाचलं, पुन्हा वाचलं. "केतकी," मी हाक मारली, "तुला घरोघरी पोचवायचं आहे. दाराबाहेर पाऊल न टाकता."

चैत्र चालू होता. चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायला अक्षय्य तृतीयेपर्यंत वेळ होता, पण माझ्याकडे फक्त उद्याचा दिवस होता. आणि आणखी एक अडचण होती. माझे यजमान जाऊन सात वर्षं झालीत. या सात वर्षांत आमच्या इमारतीत बावीस हळदीकुंकवं झाली आणि मला एकाचंही बोलावणं आलं नाही. कोणी वाईट वागलं नाही हो. दुसऱ्या दिवशी डाळ-पन्हं डब्यातून घरी यायचं. दाराबाहेरूनच देऊन जायच्या, एवढंच. आणि मीही कधी बोलले नाही. लोकांच्या कचऱ्याबद्दल बोलायला माझी जीभ कधी अडखळली नाही, स्वतःबद्दल मात्र गिळून बसले.

मी लोहकरे वहिनींचं दार वाजवलं.

"वहिनी, उद्या माझ्याकडे हळदीकुंकू आहे. चैत्रगौरीचं. सगळ्या इमारतीला बोलवायचंय, आणि बोलवायला तुम्ही माझ्याबरोबर यायचंय."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला हाताला धरून आत घेतलं आणि दार लावलं.

"मुलगी बरी आहे का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कुठली मुलगी?"

"प्रमिलाताई, भिंत एकच आहे आपली. सोमवारपासून दोन कपांचा आवाज येतोय. मंगळवारी पहाटे कोणीतरी रडत होतं, ते काही तुमचं रडणं नव्हे. तुम्ही रडत नाही, भांडी घासता." त्या पदराने चष्मा पुसू लागल्या. "ती चोंबडी परवा आली. मी एकवीस वर्षं शेजारी आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळंच बोलायचं असतं का? तन्मयचा मलाही फोन आला होता. काकू, आईकडे कोणी आलंय का? मी म्हटलं, मीच पडलेली असते रे तिथे." त्या उठल्या. "कैरीची डाळ मी करते. तुमच्या हातची तिखटजाळ असते."

मला रडू आलं. भांडी जवळपास नव्हती, त्यामुळे आलेलं रडू तसंच वाहू दिलं.

त्या दिवशी दुपारी केतकी जमिनीवर बसली आणि तिने सुतळीच्या गुंड्या केल्या. दुकानातून चार मोठी बंडलं आणली होती. ती उलगडून, उघड्या हातांनी, एकेक वीत मोजून, तिने बेचाळीस गुंड्या गुंडाळल्या. आमच्याकडे कचऱ्याच्या कागदी पिशव्या सुतळीनेच बांधायच्या असा नियम आहे, माझाच. चोंबडी बघते ती गाठ. म्हणजे पुढचे तीन आठवडे प्रत्येक घराच्या गाठीवर केतकी असणार होती. "हात धुवायचे नाहीत बरं का," मी म्हटलं, आणि आयुष्यभर जंतुनाशक साबणाची भक्ती केलेली मी हे बोलतेय, यावर आम्ही दोघी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसलो. हरभरेही तिनेच भिजवून निथळून ठेवले. चंदन तिनेच उगाळलं.

शनिवारी चार वाजता केतकी लोहकरे वहिनींच्या घरी जाऊन बसली आणि मी माझं दार सताड उघडं ठेवलं. सव्वाचार झाले, साडेचार झाले. कोणी आलं नाही. गौर पाळण्यात बसली होती, समोर डाळीचं पातेलं, आणि मी. मला वाटलं, संपलं. उद्या चौथा दिवस. परवा तो दारात.

पावणेपाचला दुसानेंच्या सासूबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत. मला वाटलं, या म्हातारीकडून आता काय ऐकून घ्यावं लागणार कुणास ठाऊक. त्या आत आल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला कुंकू लाव. मग मी तुला लावते. पोरी माझ्यासाठी जिन्यात थांबल्यात, मी काय करते ते बघायला. बावळट मेल्या."

मी त्यांना लावलं. त्यांनी थरथरत्या बोटाने माझ्या कपाळावर टेकवलं. सात वर्षांनी. मग खरंच जिन्यातून बायका आल्या, घोळक्याने, एकदम मोठमोठ्याने बोलत, जशा उशीर झालेल्या बायका बोलतात. एकतीस जणी. मी एकेकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि मनगटापर्यंत चंदन लावलं, केतकीने उगाळलेलं. ओटीत हरभरे घातले. हातात सुतळीची गुंडी दिली.

"चैत्रात कुठे वाण असतं?" कोणीतरी विचारलं.

"सेक्रेटरीच्या घरी असतं," लोहकरे वहिनी म्हणाल्या. "कचऱ्याच्या पिशवीला हीच सुतळी वापरायची, आजपासूनच. नाहीतर ही बाई घरी येऊन तपासेल, ठाऊक आहे ना?"

सगळ्या हसल्या. रविवारी सकाळी मी खिडकीतून बघत होते. एकेक पिशवी खाली जात होती, प्रत्येकीवर नवी कोरी सुतळी. दुपारी फळा लुकलुकला. काही चौकोन पिवळे झाले, दुसानेंचा तर चक्क लाल. "खैरनार मॅडम, हा काय प्रकार आहे?" ते तक्रारवही मागायला आले आणि मी अत्यंत गंभीरपणे त्यांच्या हातात पेन दिलं. संध्याकाळी फळा पुन्हा हिरवा झाला. तीनशे चारखाली लिहून आलं: रहिवासी एक.

सोमवारी तन्मयचा फोन आला. "काय विचित्र आहे बघ. अहवाल रद्द म्हणतायत. तो ठसा एकतीस घरांत मिळाला म्हणे. कोणी कामवाली असेल."

"असेल," मी म्हटलं. माझा मुलगा निराश झाला की आवाज किंचित खाली जातो, तो गेलेला मला ऐकू आला. आणि मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं.

एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी, पहाटे केतकी गेली. लोहकरे वहिनींचे यजमान गाडीने सोडून आले. ती कुठे गेली ते मी इथे लिहिणार नाही. तन्मयला वाचनाची आवड आहे.

तो त्याच दिवशी अकरा वाजता आला, न सांगता. आला, पाया पडला, स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. तिथे जाळीवर दोन कप पालथे घातलेले होते. एकोणीस दिवस मी सगळं सांभाळलं आणि शेवटच्या सकाळी, तिला निरोप देताना घेतलेल्या चहाचे कप उचलायचं विसरले. तो कपांकडे बघत राहिला.

"ती इथे होती."

"होती."

"किती दिवस?"

"एकोणीस."

"कुठे गेली?"

मी बोलले नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी बोलले नाही. मग त्याने माझं मनगट धरलं.

फार वेळ नाही, चार-पाच सेकंद असतील. पण बोटं नेमकी तिथे बसली, जिथे मी तिचे वळ बघितले होते. त्या हाताची सवय मला दिसली. दुखलं खूप, पण दुखण्यापेक्षा मला भीती वाटली. माझ्या पोटच्या मुलाची मला भीती वाटली, आणि तीच भीती दिवसरात्र अनुभवणाऱ्या मुलीला मी म्हटलं होतं, अगं जपून.

त्याने हात सोडला. चेहरा एकदम उतरला, आठ वर्षांचा असताना काही फोडलं की उतरायचा तसा. "सॉरी, आई. खरंच सॉरी. तोल जातो गं माझा." त्याने डोळे पुसले, इकडेतिकडे बघितलं, आणि ओट्याखालच्या दोन पिशव्या उचलल्या. "तू बस. कचरा मी टाकून येतो."

मी बसले नाही. मी त्याच्यामागे जिना उतरले.

त्याने सगळं बरोबर केलं. ओली पिशवी ओल्या तोंडात, सुकी सुक्या तोंडात. मी शिकवलं होतं ना. चोंबडीने चार मिनिटं घेतली. तेवढ्यात लोहकरे वहिनी वरून आल्या आणि लिफ्टपाशी उभ्या राहिल्या. मग पडद्यावर अक्षरं आली: नवा ठसा. ही व्यक्ती घर क्रमांक तीनशे चारमधली आहे का?

तन्मय हसला, गोड. "विसरली मला ही. हो दाब ना, आई."

मी उजवा हात उचलला. मनगटावर चार बोटं लाल उमटलेली होती, आणि ती त्यालाही दिसली. याला मी नऊ महिने पोटात वाढवलं, याच्या तापात रात्री जागवल्या, याच्या पहिल्या नंबराचे पेढे याच जिन्यावर वाटले. त्यातलं काही खोटं नव्हतं. मी 'नाही' दाबलं.

त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने काढून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आई?"

"त्या पोरीला शोधू नकोस," मी म्हटलं. "आणि बरा होऊन ये. ही परत विचारेल तेव्हा बघू."

तो वळला आणि निघाला. फाटकातून गाडी बाहेर गेल्याचा आवाज आला. फळ्यावर तीनशे चारचा चौकोन हिरवा होता आणि त्याखाली लिहिलं होतं: रहिवासी एक. मोजणी बरोबर होती. मी तिथेच पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले, आणि लोहकरे वहिनी माझं मनगट चोळत शेजारी बसून राहिल्या.